टिटवाळ्याशी नातं सांगणारे शाहीर अण्णाभाऊ साठे

टिटवाळा म्हटलं की आपल्याला महागणपती आठवतो. पण जानेवारी १९४५ मध्ये तिथे किसान सभेची मोठी परिषद भरली होती. उंबरगाव तालुक्यातले वारली तिथून आले, ते वेठबिगारीविरुद्ध उभं राहायची जिद्द घेऊनच परतले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचं नावही जुनी माणसं टिटवाळ्याशीच जोडतात.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा, तालुका वाळवा. शाळा जेमतेम दीड दिवस. मांगाच्या पोराला मास्तर कसं वागवायचे हे वेगळं सांगायला नको. घरची मंडळी पायी चालत मुंबईला आली. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत या पोरानं अक्षरं गिरवली. पुढे गिरणीत काम, मग कम्युनिस्ट पक्ष.

कलापथकाचा तमाशा नेहमीसारखा नव्हता. सुरुवातीला गणाच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन, आणि पुढच्या वगात सावकार, मालक, पुढारी सगळ्यांची खरडपट्टी. तेव्हाच्या मुंबई सरकारला हे कसं रुचणार? तमाशावर बंदी आली. शाहिराच्या पोटावरच पाय. पण गडी हुशार! त्यांनी तोच खेळ लोकनाट्य म्हणून उभा केला. आज आपण लोकनाट्य हा शब्द सहज वापरतो, त्यामागे ही बंदी आहे बरं का.

डफ थांबवला तरी लेखणी थांबली नाही. १९५९ साली ‘फकिरा’ आली. भुकेल्या गावासाठी इंग्रजांचा खजिना लुटणाऱ्या वीराची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले, आणि ‘वैजयंता’ पडद्यावर आली. १९६३ मध्ये ‘फकिरा’ही. पोस्टरवरून वाचायला शिकलेल्या माणसाच्या कथेची पोस्टरं आता भिंतींवर लागली.

पैसा मात्र हाती राहिला नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत त्यांनी बरीच वर्षं काढली, बहुतेक लिखाण तिथलंच. १८ जुलै १९६९ ला ते गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. २००२ साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं, किंमत चार रुपये.