पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली

भारतातील पक्ष्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा विषय निघाला की डॉ. सलीम अली यांचे नाव सर्वप्रथम घेतले जाते. त्यांच्या नावाआधी लागणारी ‘डॉक्टर’ ही उपाधी विद्यापीठांनी त्यांना सन्मानपूर्वक दिलेली होती. परीक्षा देऊन मिळवलेली विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्यापाशी नव्हती.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईचे छत्रही हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांचा खेतवाडीतील आपल्या घरी सांभाळ केला.

सलीम साधारण दहा वर्षांचे असतानाची गोष्ट. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचण्यास पुस्तके दिली. एका लहान मुलाच्या प्रश्नाची एवढ्या आस्थेने दखल घेतली गेली, आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली.

शालेय शिक्षण मात्र सुरळीत झाले नाही. वरचेवर डोके दुखत असल्याने अभ्यासात खंड पडे. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील पहिले वर्षही त्यांना जड गेले. शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायात मदतीस गेले. तेथे व्यवसायापेक्षा त्यांचे मन रानावनात अधिक रमले.

१९१७ साली ते मुंबईस परतले. उपजीविकेसाठी त्यांनी दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा व हिशेबशास्त्र शिकण्यास आरंभ केला. सेंट झेवियर्समधील फादर ब्लॅटर यांनी मात्र त्यांची खरी आवड ओळखली आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. तेव्हा सकाळी दावरमध्ये वाणिज्याचे वर्ग आणि त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. परंतु पदवी काही हाती आली नाही.

या उणिवेची झळ त्यांना लवकरच बसली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाचे पद त्यांना मिळाले नाही, कारण पदवी नव्हती. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. प्रेक्षकांना माहिती सांगताना आपले ज्ञान अपुरे असल्याची जाणीव त्यांना होऊ लागली. म्हणून अभ्यासरजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि वयाच्या तिशीनंतर पुन्हा विद्यार्थी झाले. बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेझमान या विख्यात पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याची पद्धतही ते तेथेच शिकले.

१९३० साली ते परतले, तेव्हा पैशाअभावी संग्रहालयातील त्यांचे पदच रद्द झाले होते. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सुगरण या नावावरून मादीच घरटे विणत असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. तो अर्धे घरटे विणतो; माद्या येऊन ते पारखतात. एखादीने पसंत केले की नर ते पूर्ण करतो, आणि ती अंडी घालून उबवू लागली की तो दुसऱ्या घरट्यास हात घालतो. सलीम अलींनी बारकाईने केलेल्या या निरीक्षणांनी शास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेतले. बेकारीचा काळ असा सत्कारणी लागला.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन आदी संस्थानांतील पक्ष्यांचे सर्वेक्षण त्यांनी केले. या भटकंतीत तेहमिना त्यांची मोलाची साथ करीत. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. या आघातानंतरही सलीम अलींनी काम थांबवले नाही. १९४१ साली त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झाले. त्याने सामान्य वाचकांना पक्षी ओळखण्यास शिकवले. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासमवेत त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला.

स्वातंत्र्यानंतर नॅचरल हिस्ट्री सोसायटी टिकवण्यासाठी ते झटले. पुढे मुंबई विद्यापीठाने या संस्थेस संशोधनकेंद्र म्हणून आणि सलीम अलींना मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली. पदवीअभावी ज्यांना नोकरी नाकारली गेली, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली विद्यार्थी विद्यापीठाच्या उच्च पदव्या मिळवू लागले.

भरतपूरचे पाणपक्ष्यांचे अभयारण्य आणि केरळमधील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचवण्यासाठीही त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण किताब मिळाला. १९८५ साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. १९९० साली कोइमतूर येथे त्यांच्या नावाने पक्षिशास्त्र व निसर्गविज्ञान केंद्र स्थापन झाले.

सलीम अलींचे शिक्षण अनेकदा खंडित झाले. पण शिकणे त्यांनी कधीच सोडले नाही. जेथे उणीव जाणवली, तेथे संकोच न करता ते विद्यार्थी होऊन बसले. त्यांच्या थोरवीचे मूळ या वृत्तीत आहे.