तेजोमेघातील हिरवी रेषा

हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री नागपूरच्या तुमच्या घराच्या गच्चीवर जा आणि पूर्वेकडे पाहा. एका सरळ ओळीत तीन तारे दिसतील. मराठीत या तारकासमूहाला मृग नक्षत्र म्हणतात. त्यातल्या एका तेजस्वी ताऱ्याचे नाव रिजेल आहे. हे नाव अरबी 'रिज्ल' म्हणजे पाय या शब्दावरून आले, हे तुमच्यापैकी अनेकांच्या लगेच लक्षात येईल. आता त्या तीन ताऱ्यांच्या खाली नीट पाहा. तिथे एक पुसट, धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नाही. तो तेजोमेघ आहे. या ठिपक्यासाठी ज्यांनी आपल्याच मार्गदर्शकाचे मत नाकारले, त्या माणसाची ही गोष्ट आहे.

त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्यांना प्रकाशाचे वेड होते. काचेच्या लोलकातून सूर्यप्रकाश गेला की त्याचे सात रंग वेगळे होतात, हे तुम्ही वर्गात पाहिले असेल. या रंगांच्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटात त्याच्या स्वतःच्या रेषा असतात. त्या ओळखल्या की लाखो मैलांवरची वस्तू कशाची बनली आहे ते इथे बसून सांगता येते.

पण उपकरणांना पैसा लागतो. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. हे पैसे कॉलेजातल्या प्रयोगशाळेसाठी होते. उपकरणे पाहण्यासाठी नायगमवाला १८८४ साली इंग्लंडला गेले. तिथे नॉर्मन लॉकयर हे मोठे शास्त्रज्ञ त्यांना भेटले. नुसती प्रयोगशाळा कशाला, ताऱ्यांचा वर्णपट पाहणारी वेधशाळाच उभारा, असा सल्ला त्यांना तिथे मिळाला. नायगमवालांनी तो मानला. मुंबईपेक्षा पुण्याची हवा आकाश पाहायला चांगली, म्हणून वेधशाळा पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात उभी राहिली. १८८८ साली ती तयार झाली आणि तिला महाराजांचे नाव दिले गेले. तिथली ग्रब कंपनीची २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण ठरली.

आता खरा पेच पाहा. १८६४ साली विल्यम हगिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने कालेय तारकासमूहातल्या एका लहान तेजोमेघाचा वर्णपट पाहिला होता. दुर्बिणीतून हा तेजोमेघ ग्रहासारखा वाटोळा दिसतो. अशा तेजोमेघांना बिंबाभ्रिका म्हणतात. मरत आलेला तारा आपले वायूचे आवरण बाहेर टाकतो आणि त्यापासून ही बिंबाभ्रिका होते. हगिन्स यांना तिथे सात रंगांचा पट्टा दिसलाच नाही, फक्त काही सुट्या रेषा दिसल्या. त्यांतली हिरवट रेषा सर्वांत ठळक होती. मृगातल्या तेजोमेघातही तीच रेषा सापडली. ती कोणत्या पदार्थाची, हे कोणालाच सांगता येईना.

लॉकयर यांनी मात्र उत्तर दिले. त्यांच्या मते तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि ती रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. असा पट्टा एका बाजूला ठळक असतो आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू विरत जातो. म्हणजे प्रश्न सोपा होता: ती रेषा एका बाजूने विरते, की दोन्ही बाजूंनी रेखीव आहे?

पाहायला सोपे मात्र मुळीच नव्हते. तेजोमेघाचा प्रकाश अगदी मंद, आणि तो लोलकातून पसरला की आणखी फिका पडतो. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाचे वेध घेतले. रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ होती. विरणारी कड कुठेच नव्हती. ज्यांच्या सल्ल्याने आपली वेधशाळा उभी राहिली, त्यांचेच मत चुकीचे ठरत होते. पारतंत्र्यातल्या देशातला एक प्राध्यापक गप्प बसला असता तर कोणाला कळले असते? पण १८९१ साली त्यांनी आपला निष्कर्ष लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापला. अमेरिकेत जेम्स कीलर यांची मोजमापेही लॉकयर यांच्या विरुद्धच गेली होती.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची सावली कोकणातून शिरून सोलापूर जिल्ह्यातून आणि वऱ्हाडातून पुढे गेली. तुमच्या नागपूरच्या जवळ पुलगावला इंग्रज शास्त्रज्ञांनी तळ दिला होता. वऱ्हाडात तळणीला ॲनी माँडर या बाईंनी सूर्याभोवतालच्या प्रभेचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले. नायगमवालांनी करमाळ्याजवळचे जेऊर निवडले. सगळा खेळ जेमतेम दोन मिनिटांचा! तेवढ्यात कॅमेऱ्यातल्या काचा बदलायच्या आणि वर्णपट टिपायचे. त्यांनी ते केले. त्याचा सविस्तर अहवाल १९०२ साली निघाला.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. ती चालवणारा दुसरा कोणी तयार झाला नव्हता, याचे वाईट वाटते. उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालला गेली.

ती हिरवी रेषा कशाची, याचे उत्तर १९२७ साली अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी दिले. ती ऑक्सिजनची निघाली. अतिशय विरळ वायूत ऑक्सिजनच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावले की तो हा प्रकाश देतो. तेव्हा नायगमवाला सत्तर वर्षांचे होते. १९३८ साली त्यांचे निधन झाले.

आज हौशी लोक घराच्या गच्चीवर लहान दुर्बीण लावून याच छोट्या बिंबाभ्रिकांची छायाचित्रे घेतात. शहरातल्या दिव्यांचा उजेड अडवण्यासाठी ते कॅमेऱ्यापुढे एक खास काच बसवतात. ती काच बाकीचे बहुतेक रंग अडवते आणि नेमकी ती हिरवी रेषा आत सोडते. कालेयातली ती बिंबाभ्रिका नागपुरातून उन्हाळ्यात रात्री उत्तरेकडे दिसते, मात्र तिच्यासाठी दुर्बीण हवी. मृगातला ठिपका तुम्ही नुसत्या डोळ्यांनीही पाहू शकता.