काचचित्रकार विल्यम वेल्स

नाशिकास गंगापूर रस्त्यावर आमच्या जाण्यायेण्याच्या वाटेत काच कापणाऱ्याचे एक दुकान आहे. काचेवर हिरकणी ओढल्याचा आवाज तेथून कानी आला म्हणजे आम्हांस विल्यम वेल्स यांचे स्मरण होते. मुंबईस कुलाब्याचे अफगाण चर्च आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच्या पूर्वेच्या व पश्चिमेच्या रंगीत खिडक्या ज्यांच्या कारखान्यात घडल्या, ते हे गृहस्थ. इंग्लंडात त्यांचे नाव प्रसिद्ध आहे. आपल्याकडे खिडक्या पाहणारे पुष्कळ, कर्त्याची चौकशी करणारे थोडे.

वेल्स यांचा जन्म इ. स. १८०८ साली झाला. इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसल शहरी त्यांचे चहा व किराण्याचे दुकान होते. दुकानामागील अंगणात त्यांनी एक लहानशी भट्टी घातली आणि मिनाकामाचे जिन्नस भाजून ते विकावयास मांडू लागले. १८३० साली ही विद्या शिकण्यास ते जर्मनीस गेले, व १८३८ साली त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. बसल्या जागी पोट भरणारा धंदा सोडण्यास छाती लागते.

रंगीत खिडकी म्हणजे काचेवर रंगविलेले चित्र, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः मुख्य रंग काचेच्या पोटातच असतो. वितळत्या काचेत कोबाल्ट घातल्यास ती निळी होते. मग आराखड्याबरहुकूम तुकडे कापतात. मुखावरील रेषा, बोटे, वस्त्राच्या चुण्या एवढेच काळसर रंगाने काढून तुकडे पुन्हा भट्टीत भाजतात, म्हणजे रेखाटन काचेशी एकजीव होते. अखेर ते शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून सांध्यांस डाख देतात.

१८४२ साली प्रख्यात शिल्पज्ञ प्युजिन यांनी वेल्स यांस काम दिले. प्युजिन यांचे मन राखणे कठीण. १८४५ साली त्यांनी आपले काम दुसऱ्याकडे नेले. तरी कारखाना वाढतच गेला. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनात वेल्स यांचे काम मांडले गेले, आणि १८५९ साली ग्लॉस्टरच्या कथीड्रलची पश्चिमेची भव्य खिडकी त्यांनी पुरी केली. प्रत्येक चित्र ते स्वतः रेखाटीत नसत. ऑलिफंट यांच्यासारखे निपुण चित्रकार त्यांच्यासाठी काम करीत. तेव्हा सारा मान एकट्या वेल्स यांस देणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. परंतु इतक्या हातांकडून एक काम करून घेणे, ही त्यांचीच हातोटी.

कुलाब्याच्या मंदिराचे समर्पण १८५८ साली झाले. १८३८ ते १८४२ च्या अफगाण युद्धात मेलेल्यांचे ते स्मारक. १८४२ साली काबूलहून माघार घेणारे सैन्य व त्याबरोबरचे नोकरचाकर, बायकामुले यांपैकी फारच थोडे जिवंत परतले. त्या सैन्यात हिंदी शिपाईही पुष्कळ होते. तेथे उभे राहिले असता रंगांच्या शोभेपेक्षा हीच गोष्ट आमच्या मनात अधिक घोळते.

मिळविलेल्या पैशातून वेल्स यांनी गेट्सहेड येथे मोठी बाग व सॉल्टवेल टॉवर्स नावाचा वाडा उभारला. १८७१ साली वाडा पुरा झाला. पुढे पैशाची अडचण पडून १८७६ साली सर्व मिळकत नगरसभेस विकावी लागली. बाग सर्व लोकांस खुली झाली, व ती आजही तशीच आहे. वेल्स मात्र त्याच वाड्यात राहत होते, आणि १८८१ साली ते वारले. कारखाना पुढे त्यांच्या जावयाने चालविला.