एडिसनचं बल्बपेक्षा मोठं काम: तुमच्या एसीच्या वायरिंगमागची गोष्ट

एकच आऊटडोअर युनिट आणि आत तीन-चार खोल्यांत वेगवेगळे इनडोअर युनिट, अशी मल्टी-स्प्लिट एसी सिस्टीम आता फ्लॅटमध्येही दिसायला लागलीय. बाहेरची जागा वाचते, म्हणून लोक घेतात. पण तिचं वायरिंग साध्या एसीसारखं नसतं. स्वतंत्र लाईन, एमसीबी, अर्थिंग, ठरावीक जाडीची केबल असे बरेच नियम असतात. हे नियम कुठून आले ते बघायला गेलं की एक ओळखीचं नाव समोर येतं: थॉमस अल्वा एडिसन.

गंमत म्हणजे हा माणूस एकेकाळी एसीच्या विरोधात लढला. एअर कंडिशनर नव्हे हां, दुसरा एसी. म्हणजे अल्टरनेटिंग करंट, आपल्या घरात येते ती वीज.

पेपर विकणारा मुलगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. शाळा फार थोडी झाली. आई नॅन्सी हिनं घरीच शिकवलं. लहान वयात तो रेल्वेत पेपर आणि खाऊ विकू लागला. लहानपणापासूनच त्याला कमी ऐकू यायचं.

१८६२ मध्ये एका स्टेशनवर त्यानं स्टेशन एजंटच्या लहान मुलाला रुळावर येणाऱ्या डब्यापासून वाचवलं. त्या बदल्यात मुलाच्या वडिलांनी त्याला टेलिग्राफ चालवायला शिकवलं. वायरीतून संदेश कसा जातो हे तो असं हाताने काम करत शिकला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हा भाग फार आवडतो. त्या काळातला नेटवर्क ऑपरेटरच की तो!

१८७६ मध्ये त्यानं न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला प्रयोगशाळा काढली. १८७७ मध्ये फोनोग्राफ आला आणि १८७९ मध्ये बराच वेळ टिकणारा बल्ब. शाळेच्या पुस्तकात गोष्ट साधारण इथे संपते. खरं काम यानंतर सुरू झालं.

बल्ब सोपा, वायरिंग अवघड

तेव्हा रस्त्यांवर आर्क दिवे असत. ते सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असत आणि त्यांना खूप जास्त व्होल्टेज लागायचं. घरात हे चालणार नव्हतं. एडिसननं पॅरलल जोडणी निवडली. प्रत्येक दिवा स्वतंत्र, एक बंद केला तरी बाकीचे चालू. आज हॉलचा एसी बंद करून बेडरूमचा चालू ठेवता येतो, त्यामागे हाच विचार आहे.

मग प्रश्न आला तांब्याचा. करंट जास्त म्हणजे वायर जाड, आणि वायर जाड म्हणजे खर्च जास्त. म्हणून त्यानं बल्बची तारच जास्त रेझिस्टन्सची केली, म्हणजे करंट कमी लागेल. हा हिशोब तुमच्या एसीला लावून बघा. १६०० वॉटचा एसी २३० व्होल्टवर साधारण ७ अँपिअर घेतो. तोच ११० व्होल्टवर चालवायचा तर साडेचौदा अँपिअर लागतील. करंट दुप्पट झाला की त्याच वायरमध्ये उष्णता चौपट होते. बारीक वायरवर मोठा एसी लावला की इन्सुलेशन का वितळतं, ते इथे कळतं.

यावर त्यानं सुरक्षेचा उपाय काढला आणि १८८० मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. सर्किटमध्ये मुद्दाम एक कमजोर तुकडा ठेवायचा. करंट हद्दीबाहेर गेला की तो आधी वितळेल आणि बाकीची वायर वाचेल. हाच आपला फ्यूज. आजचा एमसीबी तेच काम करतो, फक्त तो वितळत नाही, ट्रिप होतो. म्हणून एमसीबी वायर आणि लोड बघून निवडतात. सारखा ट्रिप होतोय म्हणून मोठा एमसीबी बसवणं म्हणजे तो कमजोर तुकडा काढून टाकणं, आणि मग वितळायची पाळी भिंतीतल्या वायरवर येते.

श्रीमंतांच्या घरातली आग

सुरुवातीला न्यूयॉर्कच्या काही श्रीमंतांनी घरातच जनरेटर बसवून वीज घेतली. व्हँडरबिल्ट यांच्या घरातल्या वॉलपेपरमध्ये धातूचे बारीक धागे होते. दोन वायरी त्यांना लागल्या आणि भिंत धुमसायला लागली. वीज लगेच बंद केली, पण त्या घरानं पूर्ण सिस्टीमच काढायला लावली. बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या अभ्यासिकेतही वायरिंगमुळे टेबल आणि गालिचा जळाला. मॉर्गन यांनी मात्र एडिसनवरचा विश्वास सोडला नाही.

४ सप्टेंबर १८८२ ला पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं. ११० व्होल्ट डीसी, आणि वायरी खांबांवर न टाकता रस्त्याखालून. केंद्रापासून वेगवेगळ्या भागांना स्वतंत्र फीडर होते, म्हणजे लांबच्या गिऱ्हाइकालाही व्होल्टेज बरोबर मिळेल. डीबीपासून एसीसाठी वेगळी लाईन ओढतात, ती याच फीडरची छोटी बहीण म्हणा.

एकदा ॲन आणि नॅसॉ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर घोडे अचानक उड्या मारायला लागले. रस्त्याखालच्या जोडणीतून करंट जमिनीत गळत होता आणि लोखंडी नालांमधून घोड्यांना शॉक बसत होता. पुढे एडिसन स्वतः हा किस्सा सांगायचा. किस्सा मजेशीर आहे, पण गळणारा करंट फ्यूज उडवण्याइतका मोठा असेलच असं नाही, हा त्यातला धडा गंभीर आहे. म्हणून आज एमसीबीच्या जोडीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. आऊटडोअर युनिट पावसात भिजतं आणि त्याची बॉडी पत्र्याची असते, हे विसरू नका.

एसीविरुद्धची लढाई

डीसी लांबवर नेता येत नव्हती. वेस्टिंगहाउसची एसी वीज ट्रान्सफॉर्मरमुळे मैलोन्‌मैल जायची. तेव्हा एडिसननं एसी किती जीवघेणी आहे याचा प्रचार सुरू केला. १८८८ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत एसीनं कुत्रे मारून दाखवले गेले. १८९० मध्ये विजेच्या खुर्चीची पहिली शिक्षा झाली, तीही एसी वापरून. खांबांवरच्या वायरींचा धोका खराच होता. १८८९ मध्ये मॅनहॅटनमध्ये एक लाइनमन भर रस्त्यात लोकांसमोर वायरींच्या जाळ्यात मेला. पण सुरक्षेचा मुद्दा धंद्यासाठी वापरणं हा एडिसनच्या आयुष्यावरचा डाग आहेच. वीज कोणती यापेक्षा ती कशी बांधली, हे जास्त महत्त्वाचं असतं. जानेवारी १८९० मध्ये त्याच्या स्वतःच्या डीसीवाल्या पर्ल स्ट्रीट केंद्रालाही आग लागून मोठं नुकसान झालं.

१८९२ मध्ये विलीनीकरण होऊन जनरल इलेक्ट्रिक कंपनी बनली आणि कंपनीच्या नावातून एडिसन गेला. १८ ऑक्टोबर १९३१ ला तो वारला, तेव्हा नावावर अमेरिकेतली १०९३ पेटंट होती. न्यूयॉर्कमधला त्याचा डीसी पुरवठा मात्र थेट २००७ मध्ये बंद झाला.

आणि डीसी परत आलीच! तुमचा इन्व्हर्टर एसी आलेल्या विजेची आधी डीसी करतो. २३० व्होल्टची डीसी केली की साधारण ३२५ व्होल्ट होतात, आणि मेन बंद केल्यावरही ती आऊटडोअर युनिटच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं राहते. म्हणून स्विच बंद केला तरी झाकण उघडून आत हात घालायचा नाही.

मल्टी-स्प्लिट बसवताना हे बघा

- डीबीपासून स्वतंत्र लाईन, स्वतःचा एमसीबी आणि आरसीसीबी. जुन्या सॉकेटवरून किंवा एक्स्टेंशन बोर्डवरून नाही.
- केबलची जाडी आणि एमसीबीचं रेटिंग कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे. अंदाजाने नाही.
- बहुतेक मॉडेल्समध्ये सप्लाय आऊटडोअरला जातो आणि तिथून प्रत्येक इनडोअरला वेगळी केबल. ए पोर्टचा पाइप ज्या खोलीत, ए टर्मिनलची केबलही त्याच खोलीत. अदलाबदल झाली तर एका खोलीचा रिमोट दाबल्यावर गॅस दुसऱ्याच खोलीत जाईल.
- त्या केबलमध्ये पॉवरसोबत सिग्नलचीही वायर असते. ती चुकून पॉवरच्या टर्मिनलवर गेली तर सर्किट बोर्ड जळू शकतो.
- फॉल्स सीलिंगमध्ये लपलेला, टेप गुंडाळलेला जॉइंट नको. केबल सलग हवी.
- प्रत्येक युनिटला अर्थिंग, आणि आऊटडोअरजवळ सगळं तोडणारा आयसोलेटर.

हे काम लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. आपलं काम फक्त योग्य प्रश्न विचारायचं. फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी मोबाईलवर सगळ्या वायरींचे आणि टर्मिनल्सचे फोटो मात्र काढून ठेवा. पुढच्या सर्व्हिसिंगला तेच नकाशासारखे कामाला येतील.