कॅमिलस द लेलिस

तलवार म्यानांत गेली म्हणजे शिपायाचें युद्ध संपतेंच असें नाहीं, हें कॅमिलसच्या चरित्रावरून आम्हांस दिसून येतें.

त्याचा जन्म १५५० सालीं इटलींतील बुक्कियानिको गांवीं झाला. वडिलांप्रमाणें तोहि सैन्यांत गेला व व्हेनिसच्या फौजेंत राहिला. त्याच्या पायाची जखम मात्र जन्मभर भरली नाहीं. लष्करी नोकरी सुटल्यावर जुगारापायीं तो पुरता कफल्लक झाला. पुढें मान्फ्रेदोनिया येथें कापुचिन साधूंच्या मठाच्या बांधकामावर मजुरी करीत असतां १५७५ सालीं त्याचें मन पालटलें. साधु होण्याचा त्यानें निश्चय केला. परंतु जखमेनें तोहि मार्ग अडविला.

रोममधील ज्या रुग्णालयांत तो पूर्वीं रोगी होता, तेथेंच तो आतां सेवेस लागला आणि कालांतरानें व्यवस्थापक झाला. पगारी नोकर रोग्यांची हेळसांड करितात हें पाहून त्यानें सेवाव्रती मंडळी जमविली. १५८६ सालीं तिला पोपची मान्यता मिळाली. झग्यावरील तांबडा क्रूस ही तिची खूण ठरली. १५९५ सालीं त्याचे सोबती हंगेरींतील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस गेले. १६१४ सालीं रोम येथें तो निवर्तला.

त्याची जखम बरी झाली नाहीं. परंतु दुसऱ्याची वेदना ओळखण्यास तिनेंच त्यास शिकविलें. लढाईहून परतलेल्या मनुष्यास औषधाइतकीच उपयोगी कामाचीहि गरज असते. ज्यांच्या घरीं असा कोणी असेल, त्यांनीं त्यास केवळ विश्रांति न देतां एखादें जबाबदारीचें काम सोंपवावें, असें आम्हांस वाटतें.