विश्लेषण : औषधांच्या कपाटापासून रहस्यकथांपर्यंत... अगाथा ख्रिस्ती आजही इतक्या का वाचल्या जातात?

अगाथा ख्रिस्ती यांच्या पुस्तकांच्या २०० कोटींहून अधिक प्रती आजवर खपल्याचा अंदाज आहे. शंभराहून अधिक भाषांत त्यांची भाषांतरे झाली. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेले त्यांचे एक नाटक अजूनही रंगमंचावर आहे. मात्र शाळेचे नियमित शिक्षण न झालेल्या आणि पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांकडून परत आलेल्या या लेखिकेचा प्रवास सोपा नव्हता. तो कसा झाला आणि त्यांच्या लेखनाभोवती कोणते वाद उभे राहिले, याविषयी...

लेखनाची सुरुवात कशी झाली?

अगाथा मिलर यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉर्की या समुद्रकाठच्या गावात झाला. वडील अमेरिकी, आई इंग्लिश. तीन भावंडांत त्या धाकट्या. मुलीने आठ वर्षांची होईपर्यंत वाचायला शिकू नये, असे आईचे मत होते. पण पाच वर्षांच्या होण्याआधीच त्या स्वतःच वाचायला शिकल्या. १९०१ मध्ये वडील वारले आणि घरची सुबत्ता ओसरली. पुढे पॅरिसला पियानो आणि गायनाचे शिक्षण झाले, पण लोकांसमोर सादरीकरण करताना वाटणाऱ्या भीतीमुळे तो मार्ग बंद झाला. डिसेंबर १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू असताना, त्यांनी आर्चिबाल्ड ख्रिस्ती या भारतात जन्मलेल्या लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला. गुन्हेगार ओळखता येणार नाही अशी रहस्यकथा तुला लिहिता येणार नाही, असे थोरल्या बहिणीने डिवचले होते. पहिल्या कादंबरीचे निमित्त तेच ठरले.

विषांची इतकी माहिती कुठून आली?

महायुद्धात अगाथा टॉर्कीच्या रेड क्रॉस रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून दाखल झाल्या. आधी परिचारिका म्हणून आणि नंतर औषधे तयार करून देणाऱ्या विभागात त्यांनी काम केले. औषधनिर्मितीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. त्या काळी बाटलीबंद गोळ्यांपेक्षा हाताने मिसळून दिलेली औषधे अधिक असत. कोणत्या द्रव्याचा किती अंश औषध ठरतो आणि किती अंश जीव घेतो, हे त्यांना रोजच्या कामातून कळले. कपाटात चहूबाजूंनी विषाच्या बाटल्या असताना विषप्रयोगाची कथा सुचणे ओघानेच आले. पुढे त्यांच्या कथांत बंदुकीपेक्षा स्ट्रिक्निन, आर्सेनिक, सायनाइड यांचा वापर अधिक दिसतो तो यामुळेच. पहिल्या कादंबरीतील विषाचे वर्णन अचूक असल्याची दाद औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने दिली होती. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात औषध विभागात काम करून ही माहिती अद्ययावत ठेवली.

पहिल्या पुस्तकाचा व्यवहार तोट्याचा का?

‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ ही कादंबरी १९१६ मध्ये लिहून झाली. बेल्जियमवर जर्मनीने आक्रमण केल्यानंतर तिथले अनेक निर्वासित टॉर्कीत आले होते. त्यांच्यावरून निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकारी हर्क्युल पॉयरो सुचला. अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवले. अखेर ‘द बॉडली हेड’ने ते स्वीकारले, पण शेवट बदलायला लावला. पुस्तक १९२० मध्ये अमेरिकेत आणि १९२१ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून लेखिकेच्या हाती जेमतेम २५ पौंड आले. करारात पुढची पाच पुस्तकेही याच प्रकाशकाला देण्याची अट होती. छापून येण्याच्या आनंदात त्यांनी सही केली आणि आपण फसलो हे नंतर लक्षात आले. मात्र त्यांनी करार मोडला नाही. ठरलेली पुस्तके पूर्ण केली, एडमंड कॉर्क यांना साहित्यिक प्रतिनिधी नेमले आणि मग ‘कॉलिन्स’ या प्रकाशन संस्थेकडे गेल्या. हे नाते अखेरपर्यंत टिकले. दरम्यान, एका वृत्तपत्राने कादंबरी क्रमशः छापण्यासाठी ५०० पौंड दिले. त्यातून त्यांनी मॉरिस काउली मोटार घेतली.

‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’वरून वाद का झाला?

‘कॉलिन्स’ने १९२६ मध्ये छापलेल्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ने ख्रिस्ती यांना पहिल्या फळीत नेऊन बसवले. गुन्हेगार कोण, हे उघड झाल्यावर मात्र काही वाचक आणि समीक्षक संतापले. लेखिकेने वाचकाला दगा दिला, असा त्यांचा आक्षेप होता. त्या काळच्या रहस्यकथेत एक अलिखित करार असे. गुप्तहेराला जे धागेदोरे दिसतात ते सगळे वाचकालाही दिसले पाहिजेत. ख्रिस्ती यांनी हा करार मोडला का, यावर अजूनही चर्चा होते. पुस्तक दुसऱ्यांदा वाचल्यास खोटे असे एकही वाक्य सापडत नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. वाचक जे गृहीत धरून चालतो, नेमका त्याचाच उपयोग त्यांनी केला होता. डोरोथी सेयर्स यांच्यासारख्या समकालीन रहस्यकथा लेखिकेने त्यांची बाजू घेतली.

ते ११ दिवस कोणते?

याच वर्षी ख्रिस्ती यांचे खासगी आयुष्य कोलमडले. एप्रिलमध्ये आई गेली. टॉर्कीचे घर आवरताना त्या खचल्या. ऑगस्टमध्ये पतीने दुसऱ्या स्त्रीवर प्रेम असल्याचे सांगून घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री सात वर्षांच्या मुलीला घरी ठेवून त्या मोटारीने बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी मोटार सरे परगण्यातील न्यूलँड्स कॉर्नर येथे बेवारस आढळली. हजाराहून अधिक पोलीस, हजारो स्वयंसेवक आणि विमाने शोधासाठी लागली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर त्यांचा हातमोजा एका परलोकविद्येच्या जाणकाराकडे नेला. वृत्तपत्रांनी घातपातापासून प्रसिद्धीच्या डावापर्यंत सगळे तर्क लढवले आणि संशयाची सुई पतीकडे वळली. १४ डिसेंबरला त्या यॉर्कशायरमधील हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. तिथे त्यांनी पतीच्या प्रेयसीचे आडनाव लावून नोंद केली होती. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. ख्रिस्ती यांनी आत्मचरित्रातही या दिवसांचा उल्लेख टाळला.

या घटनेनंतर काय बदलले?

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. स्वतःच्या आणि मुलीच्या उदरनिर्वाहासाठी आता लिहिणे भाग होते. ‘द मिस्ट्री ऑफ द ब्लू ट्रेन’ ही कादंबरी त्यांनी मन लागत नसताना पूर्ण केली. ती त्यांना स्वतःला कधीच आवडली नाही. पण सुचो वा न सुचो, ठरलेले काम पूर्ण करायचे, ही व्यावसायिक लेखकाची शिस्त त्यांच्या अंगी इथेच बाणली. त्याच वर्षी त्यांनी एकटीने ओरिएंट एक्स्प्रेसने इस्तंबूल आणि पुढे बगदाद गाठले. इराकमधील उर येथील उत्खननस्थळी दुसऱ्या भेटीत पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन भेटले. वयाने बरेच लहान असलेल्या मॅलोवन यांच्याशी सप्टेंबर १९३० मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यानंतर वर्षातले काही महिने इराक किंवा सीरियात उत्खननाच्या तंबूत जात. निमरूद येथे सापडलेल्या प्राचीन हस्तिदंती वस्तू त्यांनी चेहऱ्याला लावायच्या क्रीमने स्वच्छ केल्या होत्या. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४), ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’ (१९३६) आणि ‘डेथ ऑन द नाइल’ (१९३७) या कादंबऱ्या याच प्रवासांचे फलित.

मिस मार्पलचे वेगळेपण काय?

पॉयरोचा अहंकार आणि टापटीप यांना लेखिका पुढे कंटाळल्या होत्या. १९२७ मध्ये एका लघुकथेतून आणि १९३० मध्ये ‘मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’ कादंबरीतून त्यांनी मिस मार्पल आणली. सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यात राहणारी, विणकाम करणारी ही अविवाहित वृद्धा. तिच्याकडे ना अधिकार, ना प्रयोगशाळा. गावातली माणसे कशी वागतात, हे आयुष्यभर पाहिल्याने तिला माणसाचा स्वभाव कळतो. म्हातारीकडे कोणी लक्ष देत नाही, हीच तिची ताकद ठरते. याशिवाय मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने त्यांनी सहा सामाजिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यामागे ख्रिस्ती आहेत, हे जवळपास वीस वर्षे गुप्त राहिले.

त्यांचे लेखनतंत्र कसे होते?

ख्रिस्ती यांच्या ७३ टिपणवह्या उपलब्ध आहेत. त्यांत कथानकाच्या मुद्द्यांशेजारीच वाणसामानाच्या याद्याही आढळतात. एकाच गोष्टीसाठी दोन-तीन वेगवेगळे खुनी योजून पाहायचे, प्रसंगांना क्रमांक देऊन त्यांची अदलाबदल करायची, अशी त्यांची पद्धत होती. महत्त्वाचा दुवा त्या घरगुती गप्पांच्या ओघात सांगून टाकतात, त्यामुळे तो वाचकाच्या नजरेतून निसटतो. प्रत्येक पात्राकडे लपवण्यासारखे काहीतरी असते, म्हणून प्रत्येकावर संशय येतो. भाषा साधी आणि संवाद भरपूर असल्याने ही पुस्तके भाषांतरातही सहज वाचली जातात.

नाटक आणि कराचे गणित काय?

राणी मेरी यांच्या ८० व्या वाढदिवसानिमित्त १९४७ मध्ये लिहिलेल्या नभोनाट्यावरून ‘द माउसट्रॅप’ हे नाटक तयार झाले. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी ते लंडनच्या रंगमंचावर आले. करोनाकाळात मार्च २०२० पासून वर्षभराहून अधिक काळ प्रयोग बंद राहिले, एवढाच मोठा खंड. या नाटकाचे हक्क ख्रिस्ती यांनी नातवाला देऊन टाकले होते. मात्र खप वाढत असताना कराचा बोजाही वाढत होता. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांतील करवादांमुळे त्या अनेक वर्षे त्रस्त होत्या. अखेर १९५५ मध्ये ‘अगाथा ख्रिस्ती लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली आणि लेखिका स्वतःच्याच कंपनीच्या पगारदार झाल्या. १९६८ मध्ये त्या कंपनीतील ५१ टक्के हिस्सा ‘बुकर’ कंपनीने घेतला. लेखकांचे हक्क विकत घेण्याच्या याच कंपनीच्या व्यवसायातून पुढे बुकर पारितोषिक उभे राहिले.

त्यांच्यावरील आक्षेप कोणते?

पात्रे ठोकळेबाज आहेत आणि कथानके वास्तवापासून दूर आहेत, अशी टीका अमेरिकी लेखक रेमंड चँडलर आणि समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४० च्या दशकातच केली. वंश आणि वर्गाविषयीचे पूर्वग्रह हा अधिक गंभीर आक्षेप. त्यांच्या सर्वाधिक खपाच्या ‘अँड देन देअर वेअर नन’ (१९३९) या कादंबरीच्या मूळ ब्रिटिश शीर्षकात कृष्णवर्णीयांसाठीचा अवमानकारक शब्द होता. अमेरिकेत तो सुरुवातीलाच वगळला गेला. ब्रिटनमध्ये १९८० चे दशक उजाडावे लागले. सुरुवातीच्या काही पुस्तकांत ज्यूंविषयीचे शेरेही आहेत. अलीकडच्या आवृत्त्यांतून असे उल्लेख काढल्याचे २०२३ मध्ये समोर आले, तेव्हा जुन्या लेखनात बदल करावा का, हा वाद पुन्हा पेटला.

अखेरची वर्षे कशी होती?

१९७१ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. १९७० च्या दशकातील कादंबऱ्या मात्र सैल झाल्या. टोरांटो विद्यापीठातील अभ्यासकांनी २००९ मध्ये त्यांच्या पुस्तकांचे संगणकीय विश्लेषण केले. त्यात अखेरच्या काळात शब्दसंग्रह घटल्याचे आणि पुनरुक्ती वाढल्याचे दिसले. ही अल्झायमरची लक्षणे असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. हयातीत तसे निदान झालेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात लिहून तिजोरीत ठेवलेली ‘कर्टन’ ही पॉयरोची अखेरची कथा १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या काल्पनिक गुप्तहेराचा मृत्युलेख पहिल्या पानावर छापला. १२ जानेवारी १९७६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ख्रिस्ती यांचे निधन झाले.

आजच्या वाचकासाठी त्यांचे महत्त्व काय?

हिंदी चित्रपटाने त्यांची कथानके कधीच आपलीशी केली. ‘गुमनाम’ (१९६५) हा ‘अँड देन देअर वेअर नन’वर, तर ‘धुंद’ (१९७३) हा ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ या नाटकावर बेतलेला होता. ऋतुपर्ण घोष यांचा ‘शुभ मुहूर्त’ हा बंगाली चित्रपट मिस मार्पलच्या कथेवर आधारित होता.

पण त्यांच्या अचूकतेचा सर्वात मोठा दाखला कदाचित पडद्यावरचा नाही. १९६१ च्या ‘द पेल हॉर्स’ कादंबरीत थॅलियम या विषाच्या परिणामांचे तपशीलवार वर्णन आहे. १९७७ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात कतारहून आणलेल्या तान्ह्या मुलीचा आजार डॉक्टरांना उमगत नव्हता. तिथली परिचारिका तेव्हा हीच कादंबरी वाचत होती. बाळाचे केस गळू लागल्याचे पाहून तिने थॅलियमची शंका बोलून दाखवली. तपासणीत ती खरी ठरली, उपचार झाले आणि मूल वाचले. लेखिका त्यापूर्वी वर्षभर आधीच गेल्या होत्या.