डॉ. तालिमेरेन आओ : खेळाडू व वैद्य

नागा डोंगरांतील चांगकी नावाच्या खेड्यात २८ जानेवारी १९१८ रोजी तालिमेरेन आओ यांचा जन्म झाला. त्यांचे वडील रेव्हरंड सुबोंगवाती निंगदारी हे बाप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. कुटुंब पुढे इंपूर येथील मिशनच्या आवारात राहावयास गेले. तेथील मैदानावर चिंध्यांचा चेंडू करून मुले अनवाणी खेळत, आणि त्यांतच या मुलास फुटबॉलचा छंद जडला.

१९३५ साली वडील विषमज्वराने निवर्तले. मुलाने वैद्य होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, अशी त्यांची अखेरची इच्छा होती. घरात मुले पुष्कळ व मिळवता आधार गेलेला, अशा स्थितीत ती इच्छा पुरी होणे दुर्घटच दिसत होते. तथापि तालिमेरेन यांनी ती विसरली नाही. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात ते शिकू लागले व तेथील महाराणा क्लबाकडून खेळू लागले. १९४२ साली कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात त्यांस प्रवेश मिळाला. पुढील वर्षी ते मोहन बागान या नामांकित संघात गेले. दिवसा रुग्णालयात अभ्यास व सायंकाळी मैदान, असा त्यांचा क्रम असे. मधल्या फळीत राहून प्रतिपक्षाची चढाई मोडण्यात ते निष्णात होते. पुढे त्या संघाचे नायकत्वही त्यांच्याकडे आले.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र हिंदुस्थानचे ते पहिलेच ऑलिंपिक. फुटबॉल संघाचे नायक म्हणून आओ यांची निवड झाली, आणि संचलनात राष्ट्रध्वज धरण्याचा मानही या डोंगरी पाळकाच्या मुलास लाभला. ३१ जुलै रोजी फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक गडी अनवाणीच खेळले. रामन यांनी एक गोल केला. परंतु दोन पेनल्टी वाया गेल्या, आणि अखेरच्या मिनिटांत फ्रान्सने दुसरा गोल करून २–१ असा विजय मिळविला. तरीही अनवाणी खेळणाऱ्या या संघाचे प्रेक्षकांनी कौतुक केले.

एवढी कीर्ती मिळाल्यावर कलकत्त्यातच सुखाने राहता आले असते. पण १९५० साली वैद्यकीची पदवी हाती पडताच त्यांनी खेळ मागे ठेवला. १९५३ साली ते कोहिमा येथे सरकारी वैद्य म्हणून रुजू झाले. त्या डोंगरांत तेव्हा डॉक्टर थोडे, वाटा बिकट, आणि लवकरच सशस्त्र संघर्षामुळे तो मुलूख अशांत झाला. अशा दिवसांतही त्यांनी आपले काम सोडले नाही. १९६३ साली नागालँड राज्य झाले, आणि त्या राज्याच्या आरोग्यखात्याचे ते पहिले नागा संचालक झाले. १९७८ साली ते सेवानिवृत्त झाले व १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे देहावसान झाले. ईशान्येकडील राज्यांच्या संघांसाठी २००९ पासून त्यांच्या नावे एक चषक ठेवण्यात आला.

वाचकहो, आपल्या गावांतही मुले खेळतात, आणि पुष्कळ आईबाप खेळ म्हणजे विद्येचा शत्रू असे मानतात. डॉ. आओ यांस खेळाने नाव दिले व विद्येने काम दिले. नाव मिळाल्यावर काम टाकून द्यावे, हा मोह मोठा असतो. मृत्यूशय्येवरील पित्याची इच्छा त्यांनी कीर्तीहून थोर मानली, व त्यामुळेच त्यांच्या डोंगरांतील रुग्णांस त्यांचा स्वतःचा वैद्य मिळाला.